हळदपेठेतला बिरा

१९७१ साल, मार्च महिना, मंगळवार, सकाळचे साडेदहा. सांगलीच्या हळदपेठेत आमच्या अडतीसमोर राजापुरी हळदीची बेचाळीस पोती लागलेली. सौदा ठरला क्विंटलला तीनशे अठरा रुपयांनी. हजर माणसे पाच: अडतीचे मालक अण्णा, खरेदीदार कांतीशेठ, हमालांचा मुकादम गणपा, दिवाणजी म्हणून मी, आणि पाठीवर पोते घेतलेला बिरा. त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारले असते, तर चारच माणसे हजर होती असे मी सांगितले असते. हमाल मोजायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि हा तर मुका-बहिरा हमाल.

तेव्हा पेठेत सौदे रुमालाखाली होत. अडत्या शेतकऱ्याच्या वतीने उभा राही, खरेदीदार समोर येई, दोघांचे हात एका रुमालाखाली जात आणि तोंडातून अक्षर न काढता बोटे धरून भाव सांगितला जाई. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेकडा कोणता ते सगळ्यांना ठाऊक असायचे. एकाने किती दिला ते दुसऱ्याला कळू नये, म्हणून ही झाकपाक. सकाळी दहा ते बारा पेठेत शंभर-सव्वाशे माणसे असत, पण भावाचा एक शब्द कानावर येत नसे. नवख्या माणसाला वाटावे, ही सगळी कुणाच्या तरी मयताला जमली आहेत आणि हात धरून एकमेकांचे सांत्वन करताहेत.

त्या मंगळवारी अण्णांच्या उजव्या हाताला नखुरडे झाले होते. कांतीशेठांनी सवयीने बोट दाबले आणि अण्णा ओरडले, “अगं आई गं!” सगळी पेठ वळून बघू लागली. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत सौद्यात कोणी ओरडल्याचे हे पहिलेच उदाहरण. अण्णांनी डावा हात पुढे केला, पण त्या हाताला सवय नव्हती. कांतीशेठ बारा म्हणतात की बावीस, हेच त्यांना समजेना.

तेवढ्यात बिराने पाठीवरचे पोते खाली ठेवले. हात धोतराला पुसला. अण्णांचा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतःचा रुमालाखाली घातला.

“आरं ए! कुठं हात घालतोयस? पोतं उचल!” गणपा खेकसला. ते बिराला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

“राहू दे रे गणपा,” अण्णा बोट फुंकत म्हणाले. “बघू तर काय करतोय.”

बिराने कांतीशेठांचा हात धरला तो दीड मिनिट धरूनच ठेवला. शेठ काही तरी म्हणाले असावेत. बिराने मान हलवली. पुन्हा म्हणाले; पुन्हा मान हलवली. तिसऱ्या वेळी मात्र तो हसला, हात सोडला, आणि अण्णांना आडोशाला नेऊन बोटांनी दाखवले: एक, मग आठ. कांतीशेठ हात झटकत म्हणाले, “अण्णा, हा माणूस कुठून आणलात? माझा हातच सोडीना!”

कुठे थांबायचे हे त्याला कसे कळले, ते मी संध्याकाळी खुणेने विचारले. त्याने माझा तळहात चाचपला, कोरडा होता. मग माठातले पाणी स्वतःच्या तळहाताला लावले आणि कांतीशेठांच्या दुकानाकडे बोट केले. ज्याला माल न्यायचाच आहे त्याच्या हाताला घाम येतो. ज्याचा हात कोरडा, तो नुसता फिरायला आलेला. तीन हंगाम पोती वाहताना हा माणूस सगळ्यांचे चेहरे बघत होता, आणि घाम कुठे असेल याचा अंदाज त्याने बांधून ठेवला होता.

त्या दिवसापासून अण्णांच्या अडतीचा रुमालाखालचा हात बिराचा झाला.

तो मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. घर मेंढपाळाचे. पाच वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले आणि मग हळूहळू बोलणेही राहिले. पुढची पंधरा वर्षे तो मेंढरांमागे फिरला. कुठले मेंढरू लंगडते, कुठले उपाशी आहे, कुठले उद्या आजारी पडणार, हे बघून ओळखायचे, एवढीच त्याची शाळा. एका दुष्काळी उन्हाळ्यात तो ट्रकवर बसून सांगलीला आला आणि हमालीला लागला.

त्याच्या पायात जाड चामड्याच्या वहाणा असत. त्या इतक्या करकरत की तो वळणावर असतानाच दुकानात कळे. गणपा म्हणायचा, “ह्यो आल्याचं समद्या सांगलीला कळतंय, येक ह्येलाच सोडून!” बिराचे हसणेही असेच. आपण किती मोठ्याने हसतो याची त्याला कल्पना नसल्यामुळे ऐन सौद्याच्या शांततेत त्याचा ‘हॅ हॅ हॅ’ असा गडगडाट होई आणि दोन-चार खरेदीदार दचकून रुमालातून हात काढत.

पेठेतल्या प्रत्येकाला त्याने खुणेचे नाव दिले होते. पोटावरून गोल हात फिरवला की अण्णा. नाकाला चिमूट लावली की तपकीर ओढणारे कांतीशेठ. मिशीचे टोक वर केले की गणपा. आणि कपाळाला आठ्या घालून, बोट जिभेला लावून हवेत पान उलटले की मी. मी असे पान उलटतो हे मला ठाऊक नव्हते. घरी बायकोला विचारले, तर ती म्हणाली, “लग्नाला बावीस वर्षं झाली. आज कळलं होय?”

दोन हंगामांत ही खुणांची भाषा सगळे हमाल बोलू लागले. पोती उचलताना तोंडाने “व्हय अण्णा, आलो अण्णा” म्हणायचे आणि त्याच वेळी पोटावर हात फिरवून अण्णांबद्दल जे बोलायचे ते बोलून घ्यायचे. अण्णांना दीड वर्ष पत्ता नव्हता. कळले तेव्हा त्यांनी बिराला समोर बोलावले, आणि रागावण्याऐवजी स्वतःच पोटावर हात फिरवून दाखवला. बिरा इतका हसला की रस्त्यावरची म्हैस थांबली.

आमच्या घरी तो सणाला जेवायला येई. बहिऱ्या माणसाशी मोठ्याने बोलावे अशी माझ्या बायकोची समजूत. “आणखी – एक – घे – ना – पोळी!” असे ती शेजारच्या आळीला ऐकू जाईल असे ओरडायची. बिरा दोन्ही कानांवर हात ठेवून, कान फुटले असा चेहरा करायचा, आणि पोळी घ्यायचा. एका पाडव्याला त्याने सहा पोळ्या घेतल्या. माझ्या चार झाल्या होत्या.

आता जे लिहायचे आहे ते मला फारसे शोभणारे नाही, पण खरे आहे. बिराची मजुरी मी बिराला देत नसे. त्याचा थोरला भाऊ धुळा दर महिन्याला माणहून एस.टी.ने येई आणि मी पैसे त्याच्या हातात ठेवी. “मुक्याला पैशातलं काय कळतंय?” असे पेठेत सगळे म्हणत, आणि मीही तसेच धरून चाललो होतो. ज्याच्या बोटांवर विसंबून अण्णा दिवसाला दोनशे पोत्यांचा भाव सोडत, त्याचे ऐंशी रुपये मी त्याच्या देखत दुसऱ्याला देत होतो. हे मी एकोणसाठ महिने केले.

एकदा, पहिल्याच वर्षी, मी नोटा मोजत असताना बिराने माझ्यासमोर तळहात पसरला होता. मला वाटले, गंमत करतोय. मी त्यावर खडीसाखरेचा एक खडा ठेवला. सगळे हसले. बिरा हसला नाही. त्याने खडा गल्ल्यावर परत ठेवला आणि तो पोती मोजायला गेला.

१९७६ च्या हंगामात बाजार समितीने ठरवले की रुमाल बंद. यापुढे लिलाव उघड, मोठ्याने बोली लावून. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच होते, मीही तसे मत दिले. पण मग बिराचे काय, हा विचार मला त्या दिवशी सुचला नाही. तो सुचला धुळाला.

लिलावाच्या आदल्या दिवशी तो वळकटी घेऊनच दुकानात आला. “दिवाणजी, बिराला न्हेतो म्हंतो.”

“का रे?”

“आवं, आता बोलायचं काम. आमचं ह्ये न बोलणारं मानूस. शंभर जनांच्या आरड्यात ह्यो काय करनार?”

“हमाली करील की. पहिल्यासारखी.”

“हमाली किती दिस? पाठ मोडली की कोन इचारतंय? घरची मेंढरं तरी वळंल.”

बिरा समोरच पोत्यांवर बसून आमच्या ओठांकडे बघत होता. मेंढरांमागे गेला की तो घरचाच म्हणून राबणार, मजुरी नावालाही नाही, आणि पुन्हा सांगली नाही. हे त्याला कळत होते, मला कळत होते आणि धुळालाही कळत होते. बिरा उठला, माझ्यासमोर आला आणि दोन्ही पाय जमिनीवर जोराने आपटले. एकदा, दोनदा. इथेच.

“उद्या दोनची गाडी हाय,” धुळा त्याच्याकडे न बघता म्हणाला. “तवर ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, समितीचे सचिव हातात घंटा घेऊन लाकडी टेबलावर चढले. त्यांनी घंटा वाजवली ती पहिली आणि शेवटची ऐकू आली. पिढ्यान् पिढ्या मुक्याने सौदा करणाऱ्या माणसांना ओरडायची मुभा मिळाली, की काय होते ते त्या दिवशी पाहिले. जो तो बोलत होता, आणि कुणी कुणाचे ऐकत नव्हते. एकाच ढिगाला माझ्या कानात तीन भाव आले. पहिल्या चार ढिगांत तीन भांडणे झाली. हमालांना तोवर काम नव्हते. बिरा पोत्यांच्या थप्पीवर उकिडवा बसून सगळे बघत होता.

पाचवा ढीग आमच्या अडतीचा. सचिवांनी घंटा आपटली आणि विचारले, “शेवटचा भाव कुणाचा?”

“माझा, चारशे चाळीस!” एक जण ओरडला.

“कांतीशेठ बेचाळीस म्हणाले,” अण्णा म्हणाले.

“मी? मी बत्तीस म्हणालो होतो,” कांतीशेठ म्हणाले. भाव भलताच वर गेला हे त्यांच्या लक्षात आले असावे.

बिरा थप्पीवरून उतरला. वहाणा करकरत टेबलापाशी आला. चाळीसवाल्याकडे बोट केले आणि चार, चार, शून्य अशी खूण केली. मग नाकाला चिमूट लावली, आणि चार, चार, दोन.

“ह्याला काय ऐकू आलं?” कांतीशेठ उसळले. “मुका माणूस साक्ष देणार काय?”

“ऐकू न्हाई आलं म्हनून तर बराबर सांगतोय!” गणपा मागून ओरडला. “आमा समद्यांचं कान किटल्यात. त्यो तोंडाकडं बघत बसलाय सकाळधरनं!”

बिराने कांतीशेठांचा उजवा हात धरला, उलटा केला आणि तळहात सचिवांना दाखवला. मग अण्णांना. मग गोल फिरून सगळ्या पेठेला. हात ओलाचिंब होता.

एवढे मोठे हसू मी पेठेत कधी ऐकले नव्हते. सचिवांना टेबलावरून खाली उतरावे लागले. शेवटी कांतीशेठही हसू लागले. “लिहा, चारशे बेचाळीस,” ते म्हणाले. “पाच वर्षं झाली, हा माणूस माझा हात सोडत नाही!”

त्यानंतर बिरा टेबलाशेजारी उभा राहिला. बोली संपली की तो शेवटच्या माणसाकडे बोट करी आणि भाव दाखवी, मग सचिव तो मोठ्याने वाचत आणि मी लिहून घेई. एकूण एकतीस ढीग निघाले. पहिल्या पाचांत भांडणे चार, उरलेल्या सव्वीसांत एकही नाही. धुळा वळकटीवर बसून हे बघत होता. दोनची गाडी गेली. तो उठला नाही.

हंगामभर हेच चालले. एप्रिलमध्ये अण्णा सचिवांना म्हणाले, “फुकट किती दिवस राबवणार? नोकरीत घ्या त्याला.”

“अहो अण्णा, लिलाव म्हणजे बोलणं. मुका माणूस लिलावाला नेमला, असं कागदावर कसं लिहू?”

“तुम्ही बोला. तो बघेल. ‘बघणारा’ म्हणून लिहा.”

समितीने ‘लिलाव मदतनीस, महिना एकशे पासष्ट रुपये’ असे लिहिले, आणि मे अखेरीस त्याचा सत्कार ठेवला: शाल, नारळ आणि एकशे एक रुपयांचे पाकीट. अपंग माणसाने नोकरीत नाव काढले म्हणून आमच्या पेठेत झालेला हा पहिलाच सत्कार. मी मोजले, माणसे एकशे अठरा होती. त्यात हमाल त्रेसष्ट, आणि यावेळी मी ते आधी मोजले.

सभापतींचे भाषण बावीस मिनिटे चालले. दैवाने वाणी हिरावली वगैरे. बिरा पहिल्या रांगेत शाल पांघरून त्यांच्या ओठांकडे बघत होता. मधेच त्याने माझ्याकडे वळून तीन बोटे दाखवली. मी कान देऊन ऐकतच होतो. सभापती तोवर तीन वेळा ‘बिचारा’ म्हणाले होते.

मग सभापती म्हणाले, “पाकीट त्यांच्या पालकांनी, म्हणजे थोरल्या बंधूंनी, स्वीकारावे.” धुळा पागोटे सावरत उठला.

बिराही उठला. शाल काढून खुर्चीवर ठेवली, सभापतींपुढे गेला आणि उजवा तळहात पसरला. टाळ्या थांबल्या. सभापतींना काय करावे कळेना. मला मात्र तो हात ओळखीचा होता.

मला भाषण करता येत नाही. मी जागेवरूनच म्हणालो, “साहेब, पावतीवर नाव बिरा मदने असं आहे. दुसऱ्याला दिलं तर हिशेबात बसणार नाही.”

“म्हंजी मी चोर काय?” धुळा भडकला. “दिवाणजी, तुमीच दिलंसा की मला इतकी वर्सं! एक पैसा खाल्ला न्हाई मी! ह्येच्या पैशातनं ह्येच्या नावाची मेंढरं घेतल्यात. एकोनीस मेंढरं हायती! बिरोबाची आन!”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. मला तर विचारायचेही सुचले नव्हते. बिराने भावाच्या तोंडाकडे नीट पाहिले, मान हलवली आणि बोटांनी दाखवले: दोन, तीन.

“तेवीस?” धुळा गोंधळला. “आरं, चार कोकरं तर परवा झाल्यात. ह्येला कुनी सांगितलं?”

कुणी सांगितले नव्हते. गावच्या यात्रेला गेला होता तेव्हा चार मेंढ्या गाभण होत्या, ते तो बघून आला होता. बाकी हिशेब त्याने घातला.

“आरं धुळा, मग बस की खाली!” गणपा ओरडला. “तेवीस मेंढरांचा मालक हाय त्यो. तू कुठला पालक?”

धुळाच आधी हसला. मग सभापती हसले, आणि त्यांनी पाकीट बिराच्या तळहातावर ठेवले. यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत. त्रेसष्ट हमालांनी दोन्ही हात वर करून बोटे हलवली, कारण टाळ्या त्याला कुठे ऐकू येणार! सभापतींनी आधी बघितले, आणि मग त्यांनीही हात वर केले.

त्या पावसाळ्यात मी अडत सोडून साताऱ्याला भावाच्या दुकानात गेलो. निघण्यापूर्वी, जुलैच्या पहिल्या तारखेला, समितीच्या कचेरीत काही रकमेचा भरणा करायला गेलो होतो. पगाराची रांग लागली होती. बिरा सातवा होता आणि धुळा त्याच्या शेजारी. शिपाई आतून नावे पुकारत होता. बिरा दारातून त्याच्या ओठांकडे बघत होता आणि नाव पुरे होण्याआधीच टेबलापाशी पोहोचला. खजिनदाराने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली. बिराने ती मागे सारली आणि टाक मागितला. सही करायला बराच वेळ लागला. मागची माणसे कुरकुरली. अक्षरे पाटीवर गिरवल्यासारखी मोठी, आणि ‘म’ची गाठ हुबेहूब माझ्या बायकोसारखी. घरात हे शिकवणे कधी चालले होते, मला पत्ता नव्हता.

त्याने नोटा दोनदा मोजल्या. बाहेर येऊन साठ रुपये वेगळे काढले आणि धुळाच्या हातात दिले. मग तोंडापुढे मूठ नेऊन म्हातारी आई खोकते तशी खूण केली, म्हणजे हे औषधाला.

धुळाने त्या नोटा मोजल्या. मग मला म्हणाला, “दिवाणजी, साठ दिल्यात बरं का त्येनं. लिवून ठिवा.”

“आता ते माझ्याकडं नाही, धुळा. त्याच्याकडं.”

दोघे भाऊ स्टँडच्या दिशेने निघाले. बिरा पुढे चालत होता. उरलेले पैसे त्याने शिवून घेतलेल्या आतल्या खिशात ठेवले होते, आणि वर तळहात दाबून धरला होता.

रजिस्टर मी परत जाऊन पाहिले, सवयीने. दिलेली रक्कम एकशे पासष्ट रुपये. घेणार, बिरा मदने, स्वतः.